पटवारीचा उजवा पाय

एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा घातलेला एक तरुण धापा टाकत आमच्या अंगणात शिरला आणि ओरडला, "त्याला काही देऊ नका! पोट बिघडलंय त्याचं!"

उशीर झाला होता. माझ्या हातातला भात केव्हाच संपला होता आणि तो खाणारा पाहुणा आता माझी बोटं चाटत होता. पाहुणा म्हणजे वासराएवढा काळाकुट्ट कुत्रा. पुढचा डावा पाय दोन लाकडी पट्ट्यांत बांधलेला, एका कानाचा तुकडा गायब, आणि डोळे असे, की बघणाऱ्यानं गुपचूप आत जाऊन आणखी एक मूठ भात आणावा.

"पोट बिघडलेला कुत्रा असा खातो?" मी विचारलं.

"तो कसाही खातो. रात्री माझा एक बूट खाल्ला."

मी त्याच्या मोज्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. तोही हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते हे मी तेव्हाच पाहून ठेवलं. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे जेवताना मूठभर भात कुत्र्यासाठी बाजूला काढायची रीत आहे. तो नेऊन कुंपणाच्या दगडावर ठेवायचं काम लहानपणापासून माझं. पण कार्तिकातल्या त्या सकाळपर्यंत कुठल्याही कुत्र्यानं तो थेट माझ्या हातातून खाल्ला नव्हता, आणि कुठल्याही कुत्र्यामागून असला माणूस आला नव्हता.

"मी पुष्करनाथ ब्रारू," तो म्हणाला. "मेंढ्यांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आलोय. श्रीनगरहून."

आमच्या भाषेत ब्रारू म्हणजे मांजराचं आडनाव. ही संधी मी सोडणार होते थोडीच! "आडनाव मांजराचं, आणि धावताय कुत्र्यामागं?"

"तुमचं आडनाव काय?"

"काव. शारिका काव."

"म्हणजे कावळा," तो शांतपणे म्हणाला. "तरीच सकाळी सकाळी एवढी कावकाव."

आमच्या चंदरगुंडात माझ्याशी असं बोलायची कोणाची छाती नव्हती. मी हेडमास्तरांची मुलगी, मुलींच्या शाळेत स्वतः मास्तरीण. मी दार लावून घेतलं. आणि दाराच्या फटीतून तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

कुत्रा बकरवालांचा, म्हणजे भटक्या मेंढपाळांचा होता. थंडीच्या आधी डोंगरावरून मेंढ्या घेऊन उतरताना दरडीचा दगड लागून त्याचा पाय मोडला. बकरवाल थांबू शकत नव्हते. त्यांनी तो डॉक्टरांच्या दारात ठेवला आणि सांगितलं, जगला तर तुमचा. डॉक्टरांनी बॅट बनवणाऱ्या कारखान्यातून विलोच्या दोन पट्ट्या आणून पाय बांधला, आणि कुत्रा नुसता जगलाच नाही तर महिनाभरात गावाचा मालक झाला. रोज सकाळी तीन पायांवर निघायचा, प्रत्येक घराच्या कुंपणापाशी थांबायचा, आत डोकावून पाहायचा आणि आपला वाटा घेऊन पुढं जायचा. म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं पटवारी, म्हणजे तलाठी.

पटवारीचा शेवटचा मुक्काम आमचं घर. दहाच्या ठोक्याला तो यायचा, आणि दहा वाजून दोन मिनिटांनी डॉक्टर.

"पट्टी बघायला आलो," डॉक्टर म्हणायचे.

"पट्टी त्यांच्या दवाखान्यात दिसत नाही वाटतं," माझी आई, म्हणजे काकनी, स्वयंपाकघरातून पुटपुटायची. आणि मला म्हणायची, "कुत्र्यासाठी भात काढून ठेवायचा असतो, शारी. कुत्र्यासाठी निराळा शिजवायचा नसतो."

मार्गशीर्षात पट्टी सुटली. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, वाकवून पाहिला आणि सांगितलं, हाड पहिल्यासारखं जुळलंय. पण दुसऱ्याच दिवशी पटवारी आमच्या दारात आला तो एक पाय वर धरून. माझ्या काळजात चर्र झालं. "अरेरे!" मी म्हटलं आणि भाताबरोबर भाकरीचा तुकडाही दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी नीट पाहिलं. मोडला होता डावा पाय, आणि लबाड वर धरत होता उजवा!

त्यानंतर आमचा खेळच झाला. मी नुसतं "अरेरे" म्हटलं की पटवारी उजवा पाय उचलून असा केविलवाणा लंगडायचा की दगडालाही पाझर फुटावा. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सगळंच सांगितलं असतं तर हा माणूस आमच्या अंगणात कशाला आला असता?

आणि मग एका सोमवारी डॉक्टर आले, पण पट्टीचं काही बोलले नाहीत. नुसते कुंपणाला टेकून उभे राहिले.

"बदली झाली," ते म्हणाले. "किश्तवाडला. पुढच्या गुरुवारच्या बसनं निघायचंय."

काहीतरी बोलायला हवं होतं. मला एकच वाक्य सुचलं, तेही भलतंच. "आणि पटवारी?"

"तो माझ्याबरोबर येईल."

"वा! दोन महिने भात कोणी घातला?"

"पाय कोणी जोडला?"

"तो माझ्या हातातून खातो."

"तो माझ्या अंथरुणात झोपतो, तेही उशीवर डोकं ठेवून." डॉक्टरांनी पटवारीकडे पाहिलं. "शारिकाजी, तो इथं राहिला तर मला… म्हणजे, तिथं मला सवय होणार नाही."

"मलाही होणार नाही," मी म्हटलं, आणि कुत्र्याविषयी बोलत असल्यासारखं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

वाद मिटवायचा मार्ग मीच काढला. "नवं शीन पडू दे. जो जिंकेल त्याला हवं ते मिळेल."

नवं शीन म्हणजे वर्षाचा पहिला बर्फ, आणि त्या दिवशीचा आमचा खेळ. समोरच्याला कळू न देता त्याच्या हातात बर्फ द्यायचा. त्यानं भलतंच काही समजून घेतला की ओरडायचं, "नवं शीन मुबारक!" घेणारा हरला, आणि जिंकणारा मागेल ती मेजवानी किंवा वस्तू त्यानं द्यायची. आमच्या गावात प्रत्येकाला तीन डाव. समोरच्यानं ओळखलं तर तो डाव वाया. सूर्य डोंगराआड गेला की खेळ खलास. मी सात वर्षं हरलेले नव्हते. गावात नवं शीन म्हटलं की लोक पहिलं माझं नाव घेत.

"श्रीनगरात, आमच्या हब्बाकदलला मीही कधी हरलो नाही," डॉक्टर म्हणाले. डोळ्यांत पहिल्यांदाच चमक आली होती. "तुम्ही जिंकलात तर पटवारी मागणार. मी जिंकलो तर काय मागणार, विचारलं नाहीत."

"विचारायची गरज नाही. तुम्ही जिंकणार नाही."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेला. आभाळ नुसतं राखेसारखं. उरलेल्या दिवसांत बर्फ पडलाच नाही तर हा माणूस कुत्रा घेऊन सरळ निघून जाणार होता, आणि माझ्याकडे हक्कानं अडवायला काहीही नव्हतं. मी देवाजवळ बर्फ मागितला. बर्फच मागितला, असं मी स्वतःला सांगत होते.

सोमवारी जाग आली ती शांततेनं. नदीचा आवाज नव्हता, कोंबडा नव्हता. खिडकी उघडली तर अक्रोडाच्या झाडाखाली ढोपरभर पांढरी चादर आणि आभाळातून अजून पडतोय, पडतोय… मी अंथरुणातच टाळ्या पिटल्या.

नव्या शीनच्या दिवशी आमच्या गावात कोणी कोणाच्या हातून काही घेत नाही. सगळ्यांचे हात फेरनच्या, म्हणजे घोळदार लोकरी अंगरख्याच्या आत, पोटाशी धरलेल्या निखाऱ्यांच्या कांगडीवर. पोस्टमन पत्रं भिंतीवर ठेवून निघून जातो. नवरा बायकोच्या हातचा चहा घेत नाही. काकनीनं त्या दिवशी बबजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पेला चुलीजवळ ठेवला आणि त्यांनी आधी चमच्यानं ढवळून पाहिला.

नऊ वाजता माझी मैत्रीण जूनी शेजारून आली. हातात परडी, परडीत नदरू, कमळाच्या देठांची जुडी.

"डॉक्टरांनी पाठवलंय. आज संध्याकाळी भाजी करा म्हणाले," तिनं साळसूदपणे परडी पुढं केली.

मी हात फेरनमध्येच ठेवले. नदरूच्या देठाला आत भोकं असतात हे काय मला माहीत नाही? "जूने, जुडी चुलीजवळ धर बघू जरा."

जूनीनं धरली. दोन मिनिटांत भोकांतून पाणी टपकायला लागलं.

"तू माणूस नाहीस, शारी. जिन आहेस, जिन!" जूनी म्हणाली. "बिचारा पहाटेपासून काडीनं एकेका भोकात बर्फ भरत बसला होता. बोटं निळी पडली त्याची."

बोटं निळी पडली हे ऐकून मला वाईट वाटलं. पण थोडंसंच. मी लगेच अंड्याला बारीक भोक पाडलं, आतलं काढून घेतलं, बर्फ दाबून भरला, भोक कणकेनं बुजवलं आणि पाच खऱ्या अंड्यांत ठेवून जूनीच्याच हाती उलट पाठवलं. ती हसत परत आली.

"परडीकडे बघून म्हणाले, सहावं अंडं घातलेल्या कोंबडीला दवाखान्यात घेऊन या, तिला ताप नाही, थंडी भरलीय." जूनी पोट धरून हसत होती. "शारी, हा तुझ्या तोडीचा आहे हं. बघ बाई!"

माझा दुसरा डाव कांगडीचा होता. वर राख, खाली बर्फ. डॉक्टरांनी ती हातात न घेता नुसता तळवा वर धरला आणि म्हणाले, "ही तर मेलेली आहे. इलाज नाही." माझा एकच डाव उरला.

त्यांचा दुसरा डाव मात्र… तो सांगताना अजून माझे कान गरम होतात.

दुपारी बर्फ थांबला. ढग फाटले आणि असं ऊन पडलं की डोळे उघडवेनात. बबजी फावडं घेऊन छपरावरचा बर्फ ढकलायला चढले. मी अंगणात आले, तर फाटकात डॉक्टर. फेरन, डोक्याला लोकरी टोपी, आणि हातात एक पाकीट. पाकिटावर लिहिलेलं, 'शारिका'. आडनाव नाही, जी नाही. नुसतं शारिका.

"हे… द्यायचं होतं," ते म्हणाले. आवाज खरोखर घाबरलेला होता. "कितीतरी दिवस लिहायचं म्हणत होतो."

माझा उजवा हात फेरनमधून बाहेर आला. खरंच आला! बोटं पाकिटापाशी पोचली. मला ते पाकीट हवं होतं. सात वर्षांची कीर्ती, पटवारी, सगळं गेलं खड्ड्यात, त्या पाकिटात काय लिहिलंय ते मला वाचायचं होतं. आणि तेवढ्यात पाकिटाचा एक कोपरा ओला झालेला दिसला.

मी हात मागं घेतला. "शाई फुटली वाटतं, डॉक्टरसाहेब."

त्यांनी मान खाली घातली. पाकीट उघडून उलटं केलं. मूठभर बर्फ खाली पडला. आत दुसरं काही नव्हतं.

"एवढंच होतं?" मी विचारलं. मला रागच आला होता.

"लिहायला बसलो होतो. तीन वेळा बसलो. जमलं नाही… म्हणून बर्फ भरला."

तेवढ्यात पटवारी कुठूनसा बाणासारखा आला, आमच्या दोघांच्या मधून गेला आणि समोरच्या उतारावर त्या अस्पर्श बर्फात धाडकन उडी घेतली. क्षणभर नुसती काळी शेपटी दिसली. मग डोकं वर आलं, नाकावर पांढरा ढीग, आणि चेहरा असा, की हे सगळं इतके दिवस कुठं लपवून ठेवलं होतंत?

आम्ही दोघंही धावलो. कोणी कोणाला चला म्हटलं नाही.

तो तास मी जन्मभर विसरणार नाही. पटवारी मासळीसारखा उसळत होता, बर्फात तोंड खुपसून भोकं पाडत होता, गोल गोल फिरून स्वतःच्याच शेपटीवर भुंकत होता. आम्ही कोठारातली जुनी फळी आणली आणि उतारावरून घसरलो. पहिल्यांदा मी, मग डॉक्टर. शहरातला माणूस! अर्ध्या वाटेत फळी एकीकडे आणि ते दुसरीकडे. मी वर उभी राहून हसत होते, तर पटवारी त्यांची टोपी तोंडात धरून पळाला. मी बर्फाचा गोळा करून त्यांच्या पाठीत हाणला.

"हा डाव धरायचा का?" ते ओरडले.

"पाठीत मारलेला धरत नाहीत! हातात दिलेला धरतात!"

"मग तुम्ही हात पुढं करा ना!"

"मांजराला कावळा असा सापडतो होय?"

त्यांनीही गोळे मारले. एक माझ्या मानेत गेला आणि मी किंचाळले, तर छपरावरून बबजींचा आवाज आला, "शारी! शोभतं का?" पण बबजी फावड्यावर रेलून सगळं बघत होते आणि बर्फ ढकलायचं काम केव्हाच थांबलं होतं.

दमून आम्ही अक्रोडाखाली उभे राहिलो. डॉक्टर वाकून पटवारीच्या पावलांचे ठसे बघत होते. बर्फावर चार चार ठशांची ओळ थेट नदीपर्यंत गेली होती.

"पाहिलंत?" ते हळूच म्हणाले. "चारही ठसे सारखे. डाव्यावर पूर्ण भार देतोय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बकरवालांनी जगला तर तुमचा म्हणून सोडलेलं जनावर होतं ते. मोठा माणूस कुत्र्याच्या पावलाकडे बघून रडतो आणि ते लपवतही नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या क्षणी मला स्वच्छ कळलं. कुत्रा नको होता मला. म्हणजे हवा होता, पण नुसता नको होता. गुरुवारी बस निघेल, आणि मग दहा वाजता नुसता पटवारी येईल, दहा वाजून दोन मिनिटांनी कोणीच येणार नाही. ही कल्पना मला सहन होईना.

सूर्य डोंगराच्या कड्याला टेकायला आला होता. माझा एक डाव होता.

"तुमची टोपी शोधून आणते," मी म्हटलं आणि पटवारीला घेऊन कोठाराच्या मागं गेले. खाली बसून मी त्याचा उजवा पंजा हातात घेतला. बोटांच्या मधे, केसांच्या खाली, ओला बर्फ दाबून दाबून बसवला. पटवारी माझं नाक चाटत होता. "नीट कर हं," मी त्याच्या फाटक्या कानात सांगितलं. "आज भाकरीचा प्रश्न नाहीये."

मग मी कोठाराच्या आडून, रडवेल्या आवाजात ओरडले, "अरेरे! अरेरे, पटवारी!"

काय तो नट! पटवारी कोपऱ्यावरून बाहेर पडला तो तीन पायांवर. उजवा पंजा अधांतरी, कान पडलेले, दर पावलाला थांबतोय, डॉक्टरांकडे बघतोय. मी मागून धावत आले. "डॉक्टरसाहेब, बघा ना! उडी मारताना काहीतरी झालं!" आणि खरं सांगते, तो लंगडणारा जीव बघून माझेच डोळे भरून आले होते.

डॉक्टर बर्फातून धडपडत आले. गुडघ्यांवर बसले. "काय झालं रे? दाखव. दाखव मला…" दिवसभर माझ्यापासून जपलेले दोन्ही हात त्यांनी पुढं केले आणि पटवारीचा पंजा तळहातावर घेतला.

मी मनात तीन आकडे मोजले.

"नवं शीन मुबारक, डॉक्टरसाहेब!"

त्यांनी हाताकडे पाहिलं. तळहातावर पंजाचा ठसा घेतलेला शुभ्र, नवाकोरा बर्फ होता. पटवारीनं पाय खाली ठेवला, माझ्याकडे आला आणि भाकरीचा तुकडा मागितला.

मी नाचले. खरंच नाचले, बर्फात, दोन्ही हात वर करून. कुंपणावरून जूनीनं टाळ्या वाजवल्या आणि गावभर ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "शारी जिंकली! आठवं वर्ष!"

"थांबा, थांबा," डॉक्टर अजून गुडघ्यांवरच होते. "पंजाला लागलेला बर्फ धरतात का?"

"हातात बर्फ आला?" छपरावरून बबजींनी विचारलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला आवाज!

"आला, महरा," डॉक्टर म्हणाले. महरा म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'.

"ओळखून घेतला?"

"नाही, महरा."

"मग झालं. पोरगी जिंकलीय." बबजींच्या आवाजातला अभिमान खाली अंगणापर्यंत ऐकू आला.

डॉक्टर तळहाताकडे बघत राहिले, मग पटवारीकडे, आणि अचानक कपाळावर हात मारून घेतला. "उजवा! यानं उजवा पाय वर धरला होता. मोडलेला डावा! मी स्वतः जोडलाय डावा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही फसला नसता. आणि मी… मला दिसलंच कसं नाही?"

"तेच विचारतेय मी," मी म्हटलं. "लक्ष कुठं होतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. टोपी नाही, केसांत बर्फ, नाक लाल झालेलं.

"तुझ्याकडे," ते म्हणाले. "तू रडत होतीस. मग मला पाय कुठला दिसणार?"

तू म्हणाले! तेही बबजी वर उभे असताना. आणि परत घेतलं नाही. मी जागच्या जागी उभी.

"माग," ते उठून उभे राहिले. "हरलो आहे. पटवारी तुझा. भात घालताना मात्र… माझी आठवण सांगत जा त्याला." हसायचा प्रयत्न केला, पण गालाची खळी काही पडली नाही.

सूर्याची शेवटची कडा अजून डोंगरावर होती. मी विचार करत बसले असते तर ती गेली असती.

"मी पटवारी मागितलेला नाही अजून," मी म्हटलं. "मला मेजवानी हवीय."

"मेजवानी?"

"मेजवानी. रोगनजोश, यखनी, दम आलू, नदरू. पण नदरूत बर्फ नको. आणि ती तुम्ही आणायची नाही." आवाज मी वर्गात मुलींना कविता शिकवताना असतो तसाच ठेवला. "तुमच्या आईवडिलांनी आणायची. श्रीनगरहून. आमच्या घरी, माझ्या बबजींसमोर बसून वाढायची. आणि येताना तुमची जन्मपत्रिका घेऊन यायची."

जूनीच्या काखेतली परडी खाली पडली. घरातून काकनीचा "अगबाई!" ऐकू आला. छपरावर काहीच हललं नाही.

डॉक्टरांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा आधी खळी पडली आणि मग सगळा चेहरा उजळला. "आणि कुत्रा?" त्यांनी विचारलं. "तो कोणाचा?"

"कुत्र्याचं काय? तो आपल्याच घरात राहील. किश्तवाडला भात मिळत नाही का?"

आता सगळ्यांनी वर पाहिलं. बबजींनी फावडं बर्फात रोवलं, टोपी सरळ केली. मला वाटलं, आता मास्तरांचा आवाज निघणार.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "नव्या शीनला जिंकलेल्यानं मागितलं की हरलेल्यानं नाही म्हणायचं नसतं. आमच्या गावचा नियम आहे."

"नाही म्हणतंय कोण, महरा? गुरुवारी बस किश्तवाडची धरत नाही, श्रीनगरची धरतो. मेजवानी घेऊन येतो आणि मगच कामावर हजर होतो."

"यखनीत दही आंबट नको, असं सांगा घरी," बबजी म्हणाले आणि वळून इतक्या जोरानं बर्फ ढकलायला लागले की एक ढिगारा थेट पटवारीच्या डोक्यावर आला. त्यांना रडू येत होतं हे ते पाठमोरे असतानाही मला कळलं.

सूर्य गेला. उतार आधी गुलाबी झाला, मग निळा. जूनी बातमी घेऊन धावत सुटली होती, काकनी आत कहव्याचं आधण ठेवत होती. अक्रोडाखाली आम्ही तिघंच होतो, आणि तिसरा दमून माझ्या पावलांवर झोपला होता.

"माझा तिसरा डाव राहिला," पुष्कर म्हणाले.

"सूर्य गेला. आता धरत नाही."

"तरी पण." त्यांनी मूठ पुढं केली. बंद. "घेशील?"

मूठ ओली होती, थेंब गळत होता. दिवसभरात मी नदरू घेतले नाहीत, पाकीट घेतलं नाही, आईच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. मी ती मूठ घेतली. आत काय आहे ते बघितलं नाही, विचारलंही नाही.

मूठ उघडली तर रिकामी होती. हात मात्र गारठून गेला होता, बोटं खरंच निळी पडली होती. मी तो माझ्या फेरनमध्ये ओढून घेतला आणि कांगडीवर धरून ठेवला.